वेबहुकची सिग्नेचर जुळत नाही, आणि का जुळत नाही ते कुणी सांगत नाही

डोकं फिरलंय आज. वेबहुकमध्ये काय एवढं अवघड, असं जो तो सांगतो, दुसऱ्या सर्व्हिसला आपली एक यूआरएल द्यायची, तिकडे काही घडलं की ती सर्व्हिस त्या यूआरएलवर रिक्वेस्ट (पोस्ट) मारते, इकडे आपला वर्कफ्लो चालू होतो, झालं काम. हो, होतं ना काम, पण ती यूआरएल सगळ्या जगाला सताड उघडी ठेवायची तयारी असेल तरच. कारण ती ज्याच्या हाती लागेल तो त्यावर वाट्टेल ते पाठवू शकतो, "पेमेंट झालं" असा खोटा जेसन (डेटा पाठवायचा मजकुराचा फॉरमॅट) आला तरी ऑटोमेशन बिनदिक्कत ऑर्डर पुढे पाठवणार, त्याला काय कळतंय खरं कोण आणि खोटं कोण. म्हणून सिग्नेचर, म्हणजे पाठवणारा खरा आहे हे दाखवणारी सही, तपासायची. आणि खरा छळ तिथूनच सुरू होतो.

मुळात कल्पना अगदी सरळ आहे. दोघांकडे एकच सिक्रेट असतं, पाठवणारा त्या सिक्रेटने बॉडीचा (पाठवलेल्या मजकुराचा) एचमॅक, म्हणजे सिक्रेट मिसळून काढलेला हॅश, मजकुराचा ठसाच म्हणा, काढून हेडरमध्ये टाकतो, आपण इकडे तोच हिशोब करायचा आणि दोन्ही जुळतात का बघायचं. एचमॅक काही काल आलेली गोष्ट नाही, त्याची आरएफसी २१०४ (इंटरनेटवाल्यांचा तांत्रिक दस्तऐवज) ही १९९७ सालची आहे! तरी अजून प्रत्येकाला आपली वेगळी चूल मांडायचीच असते. गिटहब हेक्समध्ये देतं आणि पुढे 'शा२५६=' लावतं, शॉपिफाय बेस६४ मध्ये देतं (तेच बाइट्स अक्षरांत लिहायच्या या दोन पद्धती), स्लॅकला व्हर्जन, टाइमस्टॅम्प आणि बॉडी कोलनने जोडून हवं, स्ट्राइपला टाइमस्टॅम्प आणि बॉडीच्या मध्ये टिंब हवं. बरं, या लोकांनी निदान ते नीट लिहून तरी ठेवलंय. स्टँडर्ड वेबहुक्स नावाचा स्पेक, म्हणजे लिहून ठेवलेली सामाईक पद्धत, तयार आहे, २०२४ मध्ये एचटीटीपी मेसेज सिग्नेचरची आरएफसी ९४२१ पण आली, आणि तरीही नवीन एपीआय काढणारा माणूस हेडरचं नाव, फॉरमॅट, सगळं स्वतःच्या मनाने ठरवतो.

आता मी ज्या सर्व्हिसशी झगडतोय त्यांचं बघा. डॉक्युमेंटेशनमध्ये सिग्नेचर तपासायचा सॅम्पल कोड दिलाय, दिसायला छान, दहा-बारा ओळींचा. त्यात काय केलंय, तर रिक्वेस्टची पार्स झालेली (म्हणजे मजकुरातून डेटा म्हणून उलगडलेली) बॉडी घेतलीये, तिला परत जेसन स्ट्रिंगिफाय केलंय, म्हणजे पुन्हा मजकूर बनवलाय, आणि त्या स्ट्रिंगवर एचमॅक काढलाय. अरे पण तुम्ही सही केली ती तुमच्या बाइट्सवर! आम्ही पार्स करून परत बांधलेला जेसन त्याच बाइट्सचा निघेल याची गॅरंटी कुणी दिली? तुम्ही रक्कम ५००.०० पाठवली, जावास्क्रिप्टमध्ये पार्स होऊन परत बाहेर आली तर नुसती ५००, झाला हॅश वेगळा. एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी वेगळा. आणि सगळ्यात घाणेरडा प्रकार म्हणजे नावांचा, कस्टमरच्या नावात इंग्रजीबाहेरचं एखादं अक्षर असलं की हे लोक ते बॅकस्लॅश, यू आणि चार खुणांचा कोड अशा रूपात पाठवतात, स्ट्रिंगिफाय करून आपल्याकडे ते सरळ अक्षर होऊन येतं, आणि सिग्नेचर फेल. म्हणजे टेस्टला साधी इंग्रजी नावं आणि पूर्ण आकडे टाकले की सगळं हिरवं, आणि खरे कस्टमर यायला लागले की मधेच एखादी इव्हेंट नाकारली जाते आणि बाकीच्या व्यवस्थित जातात. हे शोधायचं कसं माणसाने? लॉगमध्ये ओळ एकच, "इनव्हॅलिड सिग्नेचर". सिक्रेट चुकलं, बॉडी बदलली, एन्कोडिंग वेगळं, की खरंच कुणी खोटी रिक्वेस्ट मारली, चारही गोष्टींना तेच उत्तर.

यावरचा इलाज एका वाक्याचा आहे. जेसन पार्सर चालायच्या आधी कच्ची बॉडी, म्हणजे आले तसे बाइट्स, बाजूला ठेवा आणि एचमॅक त्याच्यावर काढा. हे एक वाक्य त्यांच्या अख्ख्या डॉक्युमेंटेशनमध्ये कुठेही नाही. शिवाय त्याच सॅम्पलमध्ये दोन सिग्नेचर साध्या 'बरोबर-बरोबर'ने (==) ताडून बघितल्यात, जिथे तुलनेला लागणाऱ्या वेळेवरून सहीचा अंदाज बांधता येऊ नये याच कामासाठी नोडमध्ये टाइमिंगसेफइक्वल आणि पायथनमध्ये कंपेअर डायजेस्ट आयते बसलेत. सिक्युरिटीच्या पानावरचा कोड आहे हा! लोक डोळे झाकून कॉपी करतात तो.

सपोर्टला लिहिलं, दोन पेलोड, हेडर, आमचा हॅश, त्यांचा हॅश, सगळं मांडून दिलं. उत्तर काय आलं, तर "तात्पुरतं व्हेरिफिकेशन बंद करून बघा, चालतंय का". चालणारच ना! दार काढून टाकल्यावर कुलूप अडकत नाही हे सांगायला सपोर्ट कशाला हवा? आणि हे "तात्पुरतं" कधी तात्पुरतं राहतं का, सांगा मला. डेडलाइन डोक्यावर असते, व्हेरिफिकेशन काढलं की वर्कफ्लो धावायला लागतो, वरचे खूश, मग ते परत चालू करायला कुणाला वेळ आहे. म्हणून माझा राग निव्वळ एका बगवर नाहीये. सुरक्षित रस्ता मुद्दाम खड्ड्यांचा ठेवायचा, असुरक्षित रस्ता गुळगुळीत करायचा, आणि उद्या काही झालं की म्हणायचं युजरने व्हेरिफिकेशन बंद ठेवलं होतं. हे चीड आणणारं आहे.

नो-कोड ऑटोमेशनवाल्यांनाही यात सोडता येत नाही. ओढा, जोडा, वेबहुक तयार, आणि ऑथेंटिकेशनच्या खान्यात आधीपासूनच "काही नाही" निवडलेलं. यूआरएलमध्ये लांबलचक रँडम आयडी आहे म्हणे, तोच आपला पासवर्ड समजा. अहो ती यूआरएल प्रॉक्सीच्या लॉगमध्ये जाते, स्क्रीनशॉटमध्ये जाते, चॅटमध्ये पेस्ट होते, तिला पासवर्ड कसं म्हणायचं? एचमॅक तपासायचा तर कोडचा वेगळा डबा जोडा, आणि कच्ची बॉडी हवी तर ती सेटिंग कुठल्या तरी मेनूच्या आत दडलेली, ती चालू नसेल तर परत तेच, पार्स झालेला जेसन हातात.

बरं सिग्नेचर जुळली एकदाची, तर पुढे टाइमआउट आहेच. स्लॅकला ३ सेकंदांत उत्तर हवं, गिटहबला १० सेकंदांत. आपला वर्कफ्लो आधी पूर्ण करून मग २०० ('मिळालं' असं उत्तर) द्यायला गेलं की पलीकडचा समजतो पोचलंच नाही, आणि जो रिट्राय करणारा असतो तो तीच इव्हेंट परत पाठवतो, मग एकाच माणसाला तेच इनव्हॉइस दोनदा. म्हणून आधी तपासायचं, रांगेत टाकायचं, लगेच २०० द्यायचं, काम मागून करायचं, आणि इव्हेंटचा आयडी लक्षात ठेवून दुसऱ्यांदा आला तर सोडून द्यायचा. आणि रिट्रायचं धोरणही प्रत्येकाचं निराळं, स्ट्राइप लाइव्ह मोडमध्ये तीन दिवसांपर्यंत परत परत पाठवत राहतं, गिटहब फेल झालेली डिलिव्हरी आपोआप परत पाठवतच नाही. मी ज्यांच्याशी झगडतोय ते रिट्राय करतात, पण प्रत्येक वेळी इव्हेंटला नवा आयडी देतात! मग डुप्लिकेट ओळखायची कशावरून? आणि सही केलेल्या मजकुरात टाइमस्टॅम्पही नाही, म्हणजे कुणी एक खरी रिक्वेस्ट पकडून ठेवली तर सिक्रेट बदलेपर्यंत ती कधीही परत मारता येते.

सिक्रेट बदलणं हे तर आणखी वेगळं दुखणं. बटण दाबलं की जुनं त्या क्षणाला मेलं, नवीन आपल्या सर्व्हरवर पोचेपर्यंत येणारी प्रत्येक इव्हेंट नापास. काही तास जुनं आणि नवं दोन्ही चालू द्यायला काय जातं यांचं? मग कोण कशाला सिक्रेट बदलेल, वर्षानुवर्षं तेच चालतं, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवरही तेच पडलेलं असतं.

मी काही फार मागत नाहीये. डॅशबोर्डवर प्रत्येक डिलिव्हरीपुढे कुठल्या नेमक्या स्ट्रिंगवर सही केली ते दाखवा, रिट्रायला तोच आयडी ठेवा, टाइमस्टॅम्प सहीच्या आत घ्या. हे करायला वेळ लागेल, मान्य. पण तो सॅम्पल कोड आज काढून टाका, आत्ता, कारण या क्षणाला कुणीतरी तो कॉपी करतंय, आणि तो चालला नाही की तुमचाच सपोर्ट त्याला व्हेरिफिकेशन बंद करायला सांगणार आहे.