"त्यांना काय लागतंय एवढं?"

घरातल्या वयस्कर माणसासाठी कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "त्यांना काय लागतंय एवढं? बघा एखादा जुना." मिरजेच्या थोरल्या मामांसाठी पीसी बघत होतो तेव्हा हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी रागच आला.

मशीन अडकलं की आपण मशीनला शिव्या घालतो. सत्तरीतला माणूस स्वतःला दोष देतो. मामा आयकॉनवर क्लिक करायचे, काहीच उघडायचं नाही, म्हणून परत परत क्लिक करायचे. मग एकदम चार-पाच विंडो उघडायच्या आणि ते माउसवरचा हातच काढून घ्यायचे. "माझंच काहीतरी चुकलं बघ." बँकेच्या पानावर ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपायचा, तेव्हाही हेच. ज्या माणसाने साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये उभा जन्म काढला, तो स्वतःच्या पेन्शनचं स्टेटमेंट बघायला घाबरायला लागला. घरातले म्हणाले, वय झालं. माझं स्पष्ट मत आहे, त्यांच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. त्यांना संथ मशीन देऊन आपणच त्यांचा आत्मविश्वास घालवतो.

सांगलीत एका दुकानात त्यांच्यासाठी काय दाखवलं, तर सेकंड हँड "आय७" प्रोसेसरचा पीसी. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, सगळं काम करणारी मुख्य चिप. नाव ऐकून मामा खूश. पण पुढचा नंबर वाचायचा असतो. तो होता २६००, म्हणजे इंटेलची दुसरी पिढी, २०११ सालची. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर पेन्शनचं खातं उघडायचं, तेच सुरक्षा अपडेटशिवाय द्यायचं? दुसरं म्हणजे मामा रोज सकाळी यूट्यूबवर जुन्या मैफिली लावतात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेत वाढलेला माणूस, त्याशिवाय चहा गोड लागत नाही. यूट्यूबचे व्हिडिओ बहुतेक व्हीपी९ किंवा एव्ही१ फॉरमॅटमध्ये येतात आणि ते उलगडायची हार्डवेअरची सोय त्या जुन्या चिपमध्ये नाही. सगळा भार कोअरवर, म्हणजे चिपमधल्या काम करणाऱ्या भागांवर येतो, चिप तापते आणि भैरवी ऐकताना पंख्याचा आवाज मध्ये येतो.

"पण हिच्यात चार कोअर आहेत साहेब," असं दुकानदार म्हणाला. खरं आहे, चार कोअर, आठ थ्रेड (म्हणजे एकेक कोअर एका वेळी दोन कामं हाताळतो). इंटेलच्याच २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१०० मध्येही तेवढेच आहेत! फरक असा की नव्या आय३ चा एकेक कोअर जवळपास दुप्पट वेगाने काम उरकतो. क्लिक केल्यावर विंडो लगेच उघडते की नाही, हे बरंचसं त्या एका कोअरच्या वेगावर ठरतं. शिवाय वर सांगितलेले दोन्ही व्हिडिओ फॉरमॅट तो हार्डवेअरमध्येच उलगडतो. मी मामांसाठी तोच घेतला.

घेताना एक अक्षर सांभाळा. १२१००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावलं नाही तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरमध्ये रायझन ५ ५६००जी उत्तम आहे, सहा कोअर आहेत, ग्राफिक्सही आत आहे. मात्र तिथे शेवटचा "जी" बघून घ्या, नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. एएमडीचाच अॅथलॉन ३०००जी कितीही स्वस्तात मिळाला तरी मी घरच्या माणसाला देणार नाही. त्यात कोअर दोनच. नातीचा व्हिडिओ कॉल चालू आणि मागे ब्राउझर उघडा, एवढ्यात तो दमतो. फक्त बातम्या, मेल आणि गाणी एवढंच काम असेल तर इंटेलच्या एन१०० या छोट्या प्रोसेसरचा मिनी पीसीही चालेल. चिपची वीज ६ वॅट, टेबलावर जागा लागत नाही. पण प्रोसेसर बोर्डावरच सोल्डर केलेला असतो, तो पुढे बदलता येत नाही.

प्रोसेसरवर वाचलेले पैसे एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लावायची वेगवान डिस्क) आणि रॅमवर घाला. हार्ड डिस्कवर विंडोज टाकून देऊ नका, चांगला प्रोसेसरही त्यात वाया जातो. रॅम ८ जीबीच्या खाली नको, जमलं तर १६. यूपीएस घ्याच. लाईट गेली आणि अर्धं भरलेलं काम उडालं की परत "माझंच काहीतरी चुकलं" सुरू होतं.

बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या, अक्षरासकट. नुसतं "आय३" किंवा "आय७" लिहिलेलं बिल घेऊ नका. दुकानात उभे असाल आणि नंबरवरून काही कळत नसेल, तर इथे कमेंटमध्ये टाका. बघून सांगतो.