फाइल बरी, तर पेशंट बरा

अभिनंदन! वॉर्डातून सुटलात. नाइट करून करून पायांच्या शिरा फुगल्या, आणि शेवटी मॅट्रन मॅडमनी तुम्हाला ‘क्वालिटी’ विभागात घेतलं. आता टेबल मिळेल, एसी मिळेल, डबा गरम असतानाच खायला मिळेल. सकाळी ठाण्याहून वाशी लोकल पकडलीत की जुन्या मैत्रिणी विचारतील, ‘‘कुठल्या वॉर्डात गं हल्ली?’’ तुम्ही सांगाल, ‘‘वॉर्ड नाही, फाइली तपासते.’’ ऐरोलीपर्यंत कोणी काही बोलणार नाही. रबाळ्याला एखादी हळूच विचारेल, ‘‘म्हणजे, आमच्या?’’ त्या दिवसापासून तुम्हाला चौथी सीट मिळणार नाही.

एवढं सोसायची तयारी असेल, तरच पुढे वाचा.

पहिलं पथ्य म्हणजे पेशंटकडे बघायचं नाही. पेशंट घरी गेल्यावर फाइल एमआरडीत, म्हणजे रेकॉर्डच्या खोलीत येते, तेव्हा हा प्रश्नच नसतो. धोका असतो तो ओपन फाइल ऑडिटला, कारण पेशंट अजून कॉटवर असतो. फाइल उघडायच्या आधीच तुमचा हात त्याच्या कपाळाकडे जाईल. सलाइन संपत आलेलं दिसेल, युरोबॅगची, म्हणजे लघवीच्या पिशवीची, नळी अंगाखाली दबलेली दिसेल. आवरा स्वतःला. चेकलिस्टमध्ये नळी नाही, इनटेक-आउटपुट चार्ट आहे, म्हणजे अंगात पाणी किती गेलं आणि बाहेर किती आलं त्याचा कागद. चार्टवर आकडा आहे? मग करा टिक आणि चला पुढच्या कॉटला.

आकड्यांच्या बाबतीत एकच सांगते, सगळीकडे सारखे असले की मन कसं प्रसन्न राहतं. श्वासाचा आकडाच घ्या. पेशंट बिघडायला लागला की आधी बदलणाऱ्या गोष्टींत श्वासाची गती येते, हे आपल्याला नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी घोकून घेतलं होतं. पण आपल्या चार्टवरचा श्वास फार स्थिर प्रकृतीचा आहे. सकाळी 20, दुपारी 20, रात्री 20. हर्नियावाल्याचा 20, न्यूमोनियावाल्याचा 20. ज्या पहाटे एखाद्याला धावपळ करत आयसीयूत हलवलं, त्या पहाटेही 20. असा चार्ट हातात आला की ‘नोंद पूर्ण’ या रकान्यात शंभर टक्के भरायचे आणि महिन्याच्या मीटिंगला हिरवा बार दाखवायचा.

आता तुमच्यातला एखादा किडा वळवळेल. श्वास नीट मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं. वॉर्डात 28 पेशंट असले तर नुसते श्वास मोजण्यातच जवळजवळ अर्धा तास गेला. मग औषधं कधी द्यायची, सलाइन कधी लावायची, नातेवाइकांचे फोन कोणी घ्यायचे? इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयात 5 पेशंटमागे एक नर्स आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात 3 मागे एक, असा आहे. हा निकष पाठ असू द्या, मुलाखतीत विचारतात. ऑडिटच्या शेऱ्यात मात्र लिहू नका. तिथे ‘स्टाफला ट्रेनिंग द्यावे’ एवढंच लिहायचं. ट्रेनिंग ड्युटी संपल्यावर असतं आणि त्यालाही हजेरीची सही लागते, म्हणजे आणखी एक फाइल तयार झाली.

दुसरं पथ्य, दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचायचे नाहीत. हे मी कळकळीने सांगते. समजा, आजोबा आहेत, अर्धांगवायूचे. दाखल झाले तेव्हा ब्रेडन स्कोअर 12. ही पट्टी 6 ते 23 अशी असते आणि 18 किंवा खाली आलं की बेडसोरचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांचा, धोका धरायचा, म्हणजे आजोबा चांगलेच धोक्यात. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची ऑर्डर आहे, आणि चार्ट बघा, कसा मोत्यासारखा भरलाय! रात्री 10 उजवी, 12 पाठ, 2 डावी, 4 उजवी. एकच पेन, एकच अक्षर, सह्यांचा कलसुद्धा एक. सकाळची सिस्टर बदलली, दुपारची बदलली, अक्षर तेवढं बदललं नाही. इथवर सगळं ठीक चाललेलं असतं. मग तुम्ही चुकून मागचं पान उलटता आणि तिथे ट्रान्स्फर फॉर्म निघतो: पहाटे 1.40 ला आजोबांना खाली सीटी स्कॅनला नेलं, 2.35 ला परत आणलं. तरी 2 वाजता त्यांची कूस बदललीच. सीटीच्या टेबलावर बदलली असणार. काय ही निष्ठा!

डिस्चार्जच्या कागदावर माकडहाडाजवळच्या जखमेचा उल्लेख आहे, तोही वाचू नका. चेकलिस्टमधला प्रश्न ‘पोझिशन चार्ट भरला आहे का, हो की नाही’ असा आहे. ‘आजोबांना कोणी वळवलं का’ असा नाही. अवेडिस डोनाबेडियन नावाच्या गृहस्थांनी 1966 मध्ये सांगून ठेवलंय की उपचारांची गुणवत्ता तीन बाजूंनी बघावी, साधनं काय आहेत, काम कसं होतं आणि पेशंटचं पुढे काय झालं. आपण त्यांच्या पुढे गेलोय. आपल्याला मधल्या बाजूचा कागद पुरतो.

डॉक्टरांच्या सह्यांचं खातं वेगळं. सिस्टरने वेळ लिहिली नाही तर मेमो, सरांनी वेळ लिहिली नाही तर ‘जेंटल रिमाइंडर’. हा भेद कोणत्याही मॅन्युअलमध्ये छापलेला नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे. सर सकाळी मुलुंडला, दुपारी घोडबंदर रोडला आणि संध्याकाळी नेरुळला ऑपरेशनं करतात. त्यांना गाठायची जागा म्हणजे पार्किंग. फाइलींना पिवळ्या चिठ्ठ्या लावून तिथे उभ्या राहा. गाडीच्या बॉनेटवर गठ्ठा ठेवलात की सर फोनवर बोलत बोलत सगळ्या संमतीपत्रांवर सह्या करतील. ऑपरेशन होऊन आठवडा झालाय, तरी संमती आदल्या दिवशीचीच घ्यायची. आणि त्या संमतीपत्राची भाषा बघू नका. पेशंट शहापूरकडचा, अंगठा त्याचा, कागद सगळा इंग्रजीत. त्यात त्याला काय समजलं असेल? ‘पेशंटला समजेल अशा भाषेत समजावले’ ही ओळसुद्धा इंग्रजीतच छापलेली आहे, म्हणजे ती अट पूर्ण झाली.

औषधांच्या चुका हा नाजूक विषय आहे. एखाद्या नवख्या सिस्टरचा इन्सुलिन भरताना डोस चुकला, देण्याआधी तिच्याच लक्षात आलं, आणि तिने इमानेइतबारे ‘निअर मिस’चा फॉर्म भरला. शाब्बास म्हणाल तर फसाल. तिला आधी मीटिंगला बोलवा, मग ‘हे का झालं, ते का झालं’ असं पाच वेळा विचारा, मग लेखी खुलासा घ्या. पुढच्या महिन्यात त्या वॉर्डाचा आकडा शून्यावर येतो. हा आलेख वरच्या लोकांना फार आवडतो. एवढा मोठा दवाखाना, दिवसरात्र इंजेक्शनं चाललेली, आणि महिनाभर कोणाचा हात एकदाही चुकला नाही, हे ऐकून ज्याला शंका येईल त्याला क्वालिटीत घेत नाहीत.

12 मेला नर्सेस डे येईल. केक कापतील, मेणबत्त्या लावून शपथ होईल, कुणीतरी फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर भाषण करेल आणि दिव्यापाशी थांबेल. बाईंनी क्रिमियन युद्धात दिवा धरला हे खरंच, पण त्यांनी मोजलंही होतं. शत्रूच्या गोळीपेक्षा आजारांनी कितीतरी जास्त सैनिक मेले, हे आकडे मांडून त्यांनी लंडनच्या सरकारला दाखवलं. तुम्ही दिव्यापुरतंच बघा. त्या दिवशी ‘मॅडम, मी बेडसोर मोजले’ असं म्हणालात तर केक घशात अडकेल.

रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारे एनएबीएचवाले येणार असले की महिनाभर आधीपासून भिंती लॅमिनेट होतात. मावशी आग विझवायचं यंत्र कसं चालवायचं ते पाठ करतात, मामा कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग पाठ करतात. खरं सांगायचं तर मावशी-मामा आपल्यापेक्षा जास्त मनापासून करतात. पिवळी पिशवी चुकली तर सुई त्यांच्याच हाताला लागते.

आता राहिला शेवटचा प्रसंग. आजोबांचा मुलगा एमआरडीच्या खिडकीत येतो आणि सगळ्या केसपेपरांची प्रत मागतो. घाबरू नका. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवायचे आणि मागितले की 72 तासांत द्यायचे. हे 72 तास झेरॉक्स काढायला दिलेत, असं काही भाबड्या लोकांना वाटतं. तुम्ही फाइल टेबलावर घ्या, रिकाम्या जागा शोधा, ज्या सिस्टरची सही राहिली तिला वॉर्डातून बोलवून घ्या. उशिरा लिहिलेली नोंद ‘उशिराची नोंद’ म्हणून, आजची तारीख-वेळ घालून लिहायची असते, असं ती म्हणेल. बरोबर म्हणतेय, पण ऐकू नका.

फक्त पेन हातात द्यायच्या आधी एकदा ड्युटी रोस्टर बघून घ्या. जी सिस्टर त्या रात्री रजा टाकून चिपळूणला गेली होती, तिने आजोबांची कूस दर दोन तासांनी बदलली असं निघालं, तर ग्राहक आयोगात समोरच्या वकिलाला दुसरं काही विचारावंच लागणार नाही.