झिप स्कॅन केली म्हणजे टेस्ट झाली का?

अरे किती वेळा सांगायचं, कुठूनतरी जुन्या मालवेअरची (म्हणजे घातक सॉफ्टवेअरची) झिप उतरवायची, फोल्डरवर राइट क्लिक करून स्कॅन मारायचं आणि किती फाइली उडाल्या ते मोजून "हा अँटिव्हायरस भारी, तो बकवास" असं ठोकून द्यायचं, याला टेस्टिंग म्हणत नाहीत! त्यातल्या कितीतरी फाइली करप्ट असतात, काही मालवेअरच नसतात, कुणी तपासलेलंच नसतं. आणि जे सॉफ्टवेअर फाइलचं वागणं बघून पकडतं, म्हणजे ही धडाधड डॉक्युमेंट्स एन्क्रिप्ट करायला लागली, बॅकअप पुसायला लागली की तिथेच अडवतं, त्याच्यासमोर तुम्ही फाइल चालवलीच नाही तर ते पकडणार काय? मग ते नापास, आणि लोक चांगलं सॉफ्टवेअर काढून टाकतात, याचा खरंच संताप येतो.

दुसरे आयकारवाले. आयकार ही 68 बाइटची निरुपद्रवी टेस्ट फाइल, अँटिव्हायरस चालू आहे की नाही एवढंच सांगते, ती पकडली म्हणून रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर) पकडेल असं कुठे आहे? व्हायरसटोटल, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणारी साइट, तेही स्वतः सांगतात की आमचे आकडे अँटिव्हायरसची तुलना करायला वापरू नका, पण वाचतो कोण.

आणि चांगल्या फाइलींवर किती खोटे अलार्म आले हे कुणीच मोजत नाही! सरसकट सगळंच ब्लॉक केलं तर शंभर टक्के येणारच ना. वेगळ्या नेटवर्कवर कोरं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा वेगळा कॉम्प्युटर) घ्या, ताजं मालवेअर सॅम्पल चालवा, काय झालं ते बघा, स्नॅपशॉटवर, म्हणजे मशीनच्या आधी जतन केलेल्या कोऱ्या अवस्थेवर, परत जा, मग पुढचं. वेळ लागतो, लागू दे. तेवढा नसेल तर निदान टक्केवारी तरी छापू नका.