वहिनी, बॅटरीची घ्या की!

कोल्हापुरात पन्नाशीच्या बाईनं सायकल काढली की पेठेला काळजी लागते. बाईची नव्हे, तिच्या घरच्या परिस्थितीची. स्पष्ट कुणी विचारत नाही, आमच्याकडची माणसं तशी मनानं मोठी. ती नुसतं म्हणतात, "दादा बरं हाईत न्हवं?" दादा बरे आहेत, हप्ते वेळेवर जातात, स्कूटर जिन्याखाली उभी आहे, एवढं सगळं सांगून झालं की आवाज खाली येतो आणि शेवटचा प्रश्न निघतो. "मग शुगर निघाली व्हय?"

आवडते म्हणून चालवते, हे उत्तर पेठेत चालत नाही. मी ते देऊन बघितलंय. समोरचा माणूस जरा थांबतो आणि खरं उत्तर कधी येतंय याची वाट बघतो. त्यामुळं आता मी "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून मोकळी होते. कुठल्या डॉक्टरांनी, हे अजून कुणी विचारलेलं नाही. कारल्याचा रस मात्र सगळ्यांनी सांगून झालाय.

खरं कारण अगदीच किरकोळ आहे. मंगळवार पेठेतून शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसला जायचं तर स्कूटर जिन्याखालून ओढून काढा, हेल्मेट शोधा, बिंदू चौकात अंबाबाईला आलेल्या गाड्यांच्या मागं उभे राहा, आणि ऑफिसखाली लावायला जागा मिळेना म्हणून दोन गल्ल्या पलीकडं जा. तेवढ्यात सायकल पोचून तिला कुलूपही लागलेलं असतं. नवरात्रात तर विचारूच नका, तेव्हा माझ्याएवढं वेळेवर ऑफिसात कुणीच नसतं.

अडचण एकच, सायकल रस्त्यावर दिसत नाही. रिक्षावाल्याला दिसतच नाही. मोटरसायकलवाल्याला दिसते, पण वाहन म्हणून दिसत नाही. आणि सकाळी गंगावेशीकडं निघालेल्या म्हशींना दिसते, पण त्यांना तिची किंमत वाटत नाही. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मोटरसायकलच्या मागं धावणारी ही जात. माझी घंटी ऐकून एखादी मान वळवते, मला वरपासून खालपर्यंत बघते आणि पुन्हा रस्त्याच्या मधोमध चालायला लागते. तिलाही वाटत असणार, शुगर निघाली.

हे सगळं बाहेरचं. सायकलीचं स्वतःचं मागणं फार थोडं असतं: हवा, तेल आणि ब्रेकची रबरं. पण एवढं थोडंसुद्धा कुणी शांतपणे करू देईल तर शपथ.

हवेचंच घ्या. पावसाळ्यात आमच्या गावातलं शाळकरी पोरगंही राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आहे ते इंचासकट सांगतं. 39 ला इशारा, 43 ला धोका, तोंडपाठ. पण स्वतःच्या चाकात हवा किती आहे, हे विचारा एखाद्याला! टायरला अंगठा लावून "हाय की" म्हणणार. किती हवा पाहिजे ते टायरच्या कडेलाच उठावाच्या अक्षरांत छापलेलं असतं, ते वाचलेला माणूस मला पेठेत भेटायचाय. हवा कमी असली की चाक जड जातं, पोटऱ्या भरून येतात, आणि माणूस वयाला दोष देत घरी येतो.

आमचे मिस्त्रीमामा या बाबतीत फार हळवे आहेत. त्यांच्या दुकानात एक फळी, एक पंप, पंक्चर बघायला पाण्याची घमेली आणि वालट्यूबचा एक मळका डबा आहे. 1888 साली डनलॉप नावाच्या माणसानं पोराच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले, आणि तो धंद्यानं जनावरांचा डॉक्टर होता, हे मी त्यांना एकदा सांगितलं. मामांनी काम थांबवलं. "म्हणजे म्हशीवाल्यातलाच की वो!" तेव्हापासून ते डनलॉपचा उल्लेख नात्यातला असल्यासारखा करतात.

चेनचं ऑइल हा तर पेठेचा सार्वजनिक प्रश्न आहे. मी दारात सायकल उलटी करून बसले की शेजारचे अण्णा खुर्ची घेऊनच बाहेर येतात. त्यांचं मत खोबरेल. समोरच्या काकूंचं मत, शिलाई मशीनचं. त्यांच्या मुलाचं मत, गॅरेजमधलं जळकं ऑइल, कारण ते फुकट असतं. माझी रीत अशी की जुन्या बनियनच्या तुकड्यानं आधी चेन पुसून काढायची, मग कडीकडीवर एक-एक थेंब सोडायचा, पायडल उलटा फिरवत राहायचं आणि शेवटी वरचं तेल परत पुसून टाकायचं. "मग घातलं कशाला?" हा अण्णांचा दर वेळचा प्रश्न. वर राहिलेलं तेल धूळ धरतं, तेल आणि धूळ मिळून कड्या झिजवतात, आणि तोच काळा लेप माझ्या सलवारीच्या उजव्या पायावर चढतो, हे मी दर वेळी सांगते. अण्णा मान डोलावतात आणि म्हणतात, "तरीबी खोबरेलच बरं."

चेन झिजली की नाही हे बघायची मामांची पद्धत बघण्यासारखी आहे. ते आधी चेन पुढच्या चक्राच्या दात्यांवरून दोन बोटांत धरून ओढतात. मधून उजेड दिसला तर चष्मा कपाळावरून नाकावर येतो आणि खिशातली लोखंडी फूटपट्टी बाहेर निघते. चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंचांत बसल्या पाहिजेत. शेवटची पीन पट्टीच्या रेघेच्या पुढं इंचाचा सोळावा भाग सरकली, की मामा पट्टी माझ्याकडं धरून गंभीरपणे म्हणतात, "बघा ताई, गेली." असं एखाद्या नातेवाइकाचंही ते सांगत नसतील. आणि वेळेत बदलली नाही तर जाताना ती फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चक्राचे, दातेही सोबत घेऊन जाते, त्यामुळं मी निमूट पैसे काढते.

आता डाव्या पायडलचं. गंगावेशीत एका रिक्षानं माझ्या सायकलीला जरा जवळून निरोप दिला आणि डावा पायडल वाकला. नवा पायडल आणला, पंधरा नंबरचा पाना घरात होता, म्हटलं बदलून टाकू. सायकल अंगणात घेतली आणि पाच मिनिटांत सभा भरली. अण्णा खुर्चीसकट आले. आमचा भाचा तालमीतून नुकताच आला होता, दंड अजून लाल मातीतच होते, पोटात बदाम थंडाई. त्यानं पाना माझ्या हातातून काढून घेतला.

"मामी, सरा. इषय हार्ड हाय."

"अरे, त्याचे आटे उलटे असतात. डावा पायडल उलटा फिरवून निघतो," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्ही च्या ठेवा," अण्णा म्हणाले.

भाच्यानं जोर लावला. पायडल हलला नाही. समोरच्या काकूंचा मुलगा आला, त्यानं चाक धरलं. अण्णांनी बसल्या जागेवरून दिशा दाखवली, अर्थात चुकीची. मी पुन्हा सांगितलं, आटे उलटे आहेत, पाय मारताना वाटेतच सुटू नये म्हणून ते तसे केलेले असतात. भाच्यानं प्रेमळ नजरेनं माझ्याकडं बघितलं, पान्यावर पाय दिला आणि खासबागेत शेवटचा डाव टाकावा तसा सगळा भार टाकला. सायकल कण्हली. "येतोय, येतोय," सगळे ओरडले. येत नव्हता, जात होता. मी चहा ठेवायला आत गेले, कारण बाहेर थांबून काही उपयोग नव्हता.

शेवटी सायकल ढकलत मामांकडं. त्यांनी पान्याला हात लावला आणि वर बघितलं.

"कुणी आवळला ह्यो?"

भाचा पुढं झाला. चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता.

मामांनी सांध्यात रॉकेलचे थेंब सोडले, क्रँकवर हातोडीनं हलकेच टकटक केली, पान्याच्या मागं हातभर लोखंडी पाइप अडकवला आणि तो माझ्याकडं दिला. "ताई, तुमीच दाबा. उलटा." मी दाबला. कट् असा आवाज आला आणि आटा सुटला. भाचा म्हणाला, "मी ढिला करून ठेवलावता की."

अशा घरात बॅटरीची सायकल आली. माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भावजी, एका संध्याकाळी ती घेऊन दारात उभे राहिले आणि त्या दिवसापासून पेठेनं माझ्या शुगरचा नाद सोडला. आता एकच वाक्य: "वहिनी, बॅटरीची घ्या की!" भाजीवाली सांगते, रिक्षावाले सांगतात, ज्यांनी ती सायकल पाहिलीसुद्धा नाही ते जास्त सांगतात. माझी मैत्रीण तर म्हणाली, "तू घेतलीस की मी पण घेतो. आधी तू पडून बघ."

मला बॅटरीच्या सायकलीचा राग नाही, हे आधीच सांगते. यंत्र चांगलं आहे. आपल्या नियमाप्रमाणं मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असला की ती मोटरगाडी धरली जात नाही, म्हणजे लायसन नको, नंबरप्लेट नको. साधा माणूस बराच वेळ पाय मारतो तेव्हा त्याच्या पायांतून 75 ते 100 वॅट निघतात. म्हणजे ही मोटर लावली की दोन-तीन माणसं मागून ढकलतायत असं समजा. कोल्हापुरात ढकलायला माणसं तशीही मिळतात, पण ही दोन-तीन माणसं मतं देत नाहीत. मला तर हा मोटरीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कामावर रोज सायकलनं जाणाऱ्या माणसानं ती जरूर घ्यावी, गुडघे दुखणाऱ्यानं तर घ्यावीच. 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरायला अर्धं युनिटसुद्धा लागत नाही. टेंबलाईच्या चढाला मी ती चालवून बघितली. पाय फिरवत राहिलं की मोटर अलगद हात देते, दम न लागता वर येतो, आणि वर आल्यावर आपण अजून तरुण आहोत असा गैरसमज होतो. तो मला आवडला.

पण भावजी पाय फिरवत नाहीत. "पाय मारायचा तर घेतली कशाला?" हे त्यांचं तत्त्व. नुसता हँडलचा कान पिळायचा, की मोटर पळते. आणि कान पिळत ते एका रविवारी पन्हाळ्याला निघाले. वाघबीळपर्यंत सायकल लई भारी पळाली, असं ते सांगतात. त्यापुढचं ते सांगत नाहीत, पण ज्योतिबाहून परत येणाऱ्या आमच्या काकूंनी त्यांना घाटात वीस-बावीस किलोचं ओझं ढकलताना बघितलंय. भावजींचा हिशेब असा होता की येताना उतारच आहे, उतारावर बॅटरी आपोआप भरेल. अख्ख्या पेठेचा हा हिशेब आहे. पण त्यांच्या चाकातल्या मोटरीत आतच एक फ्रीव्हील आहे, ते उताराला मोटर चाकापासून सोडवतं. उताराला चाक फिरतं आणि मोटर आपली झोपून असते, भरत काही नाही.

उद्यमनगरातल्या कारखान्यात नेऊन तिला मोठी बॅटरी बसवायची, वेगाचं लॉक काढून चाळीसनं पळवायची, असा भाच्याचा बेत आहे. तसं केलं की नियमानं ती मोटरगाडी झाली, मग पासिंग आणि विमा आला, हे मी सांगितलं. त्यावर बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला होता, हे मला ऐकवण्यात आलं. कोल्हापुरात कुठलाही वाद या मुद्द्यावर आला की संपतो.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. माझ्या सायकलीत जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि मामांच्या हाताला कळतं. भावजींच्या सायकलीत हँडलवरच्या पडद्यावर एक आकडा लुकलुकतो, आणि त्या आकड्यापुढं मामांची फूटपट्टी चालत नाही. शिवाय काही वर्षांनी बॅटरी म्हातारी होणार, आणि अख्ख्या सायकलीत तीच सर्वांत महाग. मामा त्या सायकलीकडं बघतात आणि नजर फिरवतात. एकदा मला हळूच म्हणाले, "आत काय हाय, कळंना."

गेल्या महिन्यात भावजींची सायकल निम्म्या अंतरावरच दमायला लागली. दुकानदारानं फोनवरच निदान केलं की बॅटरी गेली, काढून पाठवा. भावजींचा चेहरा उतरला, कारण नव्या बॅटरीचा आकडाही फोनवरच सांगून झाला होता. अण्णांनी बॅटरी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायला सांगितली. जाऊबाईंनी भाजी बाहेर काढून जागा करायलाही सुरुवात केली होती. मी म्हटलं, एकदा मामांना दाखवून तर बघा. नाइलाजानं आले.

मामांनी पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते खाली बसले, मागच्या टायरला अंगठा लावला, मग पुढच्या. मग माझ्याकडं बघितलं, भावजींकडं नाही. पंप उचलला आणि दोन्ही चाकांत टच्च हवा मारली. पैसे घेतले दोन चाकांचे.

भावजी गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारून आले, उतरले, सीटवर हात फिरवला आणि खुशीत म्हणाले, "बघा वहिनी, सुधारली बॅटरी! आता तरी घेताय न्हवं?"