टाकीत ऑक्सिजन नसतो, भाऊ!

दिवाळी आटोपली की नागपुरात तारकर्लीचे बेत ठरतात आणि पोहणाऱ्यांच्या ग्रुपांवर स्कूबाचा, म्हणजे पाठीवर टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचा, तो लांबलचक मेसेज पुन्हा फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टाकीत ऑक्सिजन असतो, तो जितका जास्त तितकं खोल जाता येतं, कोर्सनुसार ठरलेल्या १८, ३०, ४० मीटर खोलीच्या मर्यादा म्हणजे कोर्स विकण्याचा धंदा, तारकर्लीचं सर्टिफिकेट कुठेही चालतं, हवा संपली तर दम धरून वर यायचं, आणि डाइव्हनंतर लगेच परतीला निघालं तरी काही बिघडत नाही.

ऑक्सिजनपासून सुरुवात करू, बाकीचा बराच गोंधळ तिथूनच निघालाय. २०२१ च्या एप्रिलमध्ये सिलिंडरसाठी या शहरात काय धावाधाव झाली ते सगळ्यांना आठवतं. तेव्हापासून टाकी दिसली की ऑक्सिजनच आठवतो, याचं नवल नाही. पण स्कूबाच्या टाकीत साधी हवा असते. गाळलेली, कोरडी केलेली, साधारण २०० बार दाबाने भरलेली. २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला जवळजवळ सगळा नायट्रोजन.

पाण्याबाहेर हवेचा दाब साधारण एक बार असतो, पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एक बार वाढतो. आणि शरीरावर परिणाम होतो तो ऑक्सिजनच्या टक्केवारीचा नव्हे, त्याच्या आंशिक दाबाचा, म्हणजे एकूण दाबातल्या ऑक्सिजनच्या वाट्याचा. डाइव्हर १.४ बार ही नेहमीची मर्यादा मानतात, १.६ ही अगदी शेवटची. शुद्ध ऑक्सिजन घेऊन उतरलात तर १.६ चा आकडा ६ मीटरवरच येतो. साध्या हवेवर १.४ व्हायला ५६ मीटर लागतात. ‘अनुभवी लोकांना नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा) देतात, म्हणून ते खोल जातात’ हे तर नेमकं उलटं आहे. ३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सची हद्द ३३ मीटरच्या आसपास संपते, ३६ टक्क्यांच्या मिश्रणाची २८ वर. नायट्रॉक्समुळे शरीरात नायट्रोजन कमी साचतो, त्यामुळे त्याच खोलीवर जास्त वेळ थांबता येतं. फायदा तेवढाच.

हद्द ओलांडली तर? फेफऱ्यासारखे झटके. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाबाखालच्या ऑक्सिजनचं हे विष १८७८ मध्येच मांडलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने डाइव्हरांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: एकाच माणसाची सहनशक्तीही रोज वेगळी असते. म्हणजे ‘मला मागच्या वेळी काही झालं नाही’ याला काही किंमत नाही. कधी आधी ओठ फडफडतात, कानात आवाज येतो, मळमळतं. कधी काहीच कळत नाही. झटका आला की तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची नळी, सुटतं आणि माणूस बुडतो.

यावर ग्रुपमधले कोणी डॉक्टर म्हणतील, हायपरबॅरिक चेंबरमध्ये, म्हणजे जास्त दाबाच्या उपचाराच्या खोलीत, तर २.८ बारवर ऑक्सिजन देतात. देतात, खरं आहे. पण तिथे पेशंट कोरड्यात आडवा असतो, मधूनमधून त्याला साधी हवा देतात आणि झटका आलाच तर मास्क काढायला माणूस शेजारी असतो. पाण्याखाली यातलं काहीच नसतं.

आता मर्यादा आणि धंदा. कोर्स विकले जातात, यात शंका नाही. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सनंतर लगेच पाच डाइव्ह करून ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणवून घेता येतं, ते नाव मलाही जरा फुगवलेलं वाटतं. १८ मीटरवर काही भिंत नाही. सीमाससारखी डाइव्हिंग संघटना आपल्या पहिल्या पायरीला २० मीटर देते. पण खोलीबरोबर हिशेब बदलतो तो कुठल्या संघटनेच्या सांगण्यावरून नव्हे. पाडी या दुसऱ्या संघटनेच्या तक्त्यात पहिल्या डाइव्हला, वर येताना सक्तीचे थांबे न घेता, १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात. ३० वर २० आणि ४० वर फक्त ९. तिशीच्या आसपास नायट्रोजनची झिंग जाणवू लागते. आणि ३० मीटरवर दाब चार बार असतो, त्यामुळे टाकी वरच्या मानाने चौपट वेगाने रिकामी होते. झिंगलेल्या डोक्याने टाकीतल्या हवेचं गेज वाचायचं कसं, हे आधी कोणीतरी शिकवावं लागतं. रेस्क्यू किंवा डाइव्हमास्टर या पुढच्या पायऱ्या गाठल्यात तरी करमणुकीच्या डाइव्हिंगची हद्द ४० मीटरच राहते.

तारकर्लीत हौशी पर्यटक करतात ती ओळख-डाइव्ह. प्रशिक्षकाने धरून नेलेली, सहसा काही मीटरचीच. हातात पडतो तो सहभागाचा कागद. तो दाखवून अंदमानात स्वतंत्र डाइव्ह मिळणार नाही. त्यासाठी ओपन वॉटरचं कार्ड लागतं, म्हणजे वर्ग, तलावातला सराव आणि उघड्या पाण्यातल्या चार डाइव्ह. तारकर्लीत हा कोर्सही करता येतो, मेसेजवाल्याने तो आणि ओळख-डाइव्ह एकच करून टाकलंय.

दम धरायचा सल्ला मात्र सर्वांत घातक आहे आणि पोहण्याच्या टँकवर दम धरण्याची पैज लावणारे आपण त्याला आधी फसू. १० मीटरवर फुप्फुसभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होते. तोंड बंद असेल तर ती फुप्फुस फाडून रक्तात शिरते. शेवटचे काही मीटर सगळ्यात वाईट. हवा संपली तर जोडीदाराचं दुसरं रेग्युलेटर घ्यायचं. तेही नसेल तर ‘आऽऽ’ करत, श्वास सोडत वर यायचं.

परतीचं म्हणाल तर, शरीरात साचलेला नायट्रोजन उंचावरच्या कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर पडू शकतो, म्हणून विमानापूर्वी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस झाले असतील तर किमान १८ तास थांबतात. गोव्याहून संध्याकाळचं विमान असेल तर शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी उरका. गाडीने येणाऱ्यांनीही आंबोलीचा घाट विसरू नये. समुद्रसपाटीवरून तासा-दोन तासांत सुमारे ७०० मीटर वर चढता आणि साचलेल्या नायट्रोजनला घाट नि विमान यांतला फरक फक्त उंचीचा. ओळख-डाइव्हच्या खोलीवर हा धोका थोडा असतो; कोर्स संपवून निघालेल्यांनी एक रात्र मालवणात काढावी.