इन्सुलिन पंप लावला म्हणजे जेवणाचा हिशेब सुटला, हे खरे नाही

टाइप वन मधुमेह असलेल्यांच्या घरांमध्ये सध्या व्हॉट्सअ‍ॅपवरून एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: पंप, म्हणजे अंगावर लावून त्वचेखाली इन्सुलिन सोडणारे छोटे यंत्र, बसवला की जेवणानंतरची शुगर पंपच सांभाळतो, जेवणाच्या डोसचे बटण जेवून झाल्यावर दाबले तरी चालते, गोड टाळले की कार्ब, म्हणजे कर्बोदके, मोजायला नकोत, तासाभराने शुगर चढलेली दिसली तर लगेच पुन्हा डोस घ्यावा, आणि लग्नकार्यात पंप काही तास काढून ठेवला तरी बिघडत नाही. माझी मुलगी पंप वापरते. पुण्यातल्या ज्या घरांत नुकताच पंप आला आहे, त्यांपैकी काहींनी हा संदेश मला पाठवून त्यातले खरे किती असे विचारले, म्हणून एकेक विधान घेऊन उत्तर देत आहे.

पंपच सगळे सांभाळतो, हे पहिले विधान. साधा पंप शुगर मोजतच नाही. ठरवून दिलेल्या वेगाने तो दिवसरात्र थोडेथोडे बेसल इन्सुलिन सोडत राहतो, आणि जेवणाचे इन्सुलिन, म्हणजे बोलस, आपण सांगितल्याशिवाय देत नाही. सेन्सरशी जोडलेले स्वयंचलित पंप दर काही मिनिटांनी आकडा पाहून इन्सुलिन कमी-जास्त करतात, आणि त्यामुळे रात्री किती शांत जातात हे मी रोज अनुभवते. पण सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि ती रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटे मागे असते. त्यानंतर दिलेल्या इन्सुलिनलाही काम सुरू करायला वेळ लागतो. म्हणून जेवणाची सूचना या पंपांनाही आधीच द्यावी लागते.

बटण जेवून झाल्यावर दाबण्याचे दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण जेवणानंतरच्या चढ-उताराचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. निरोगी स्वादुपिंडातले इन्सुलिन पहिल्या घासांबरोबर सुटते आणि थेट यकृताकडे जाते. पंपाचे इन्सुलिन पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली पडते. जलद इन्सुलिन म्हणतात त्याचाही परिणाम दिसू लागायला साधारण १० ते २० मिनिटे लागतात, त्याचा जोर एक ते दोन तासांनी सर्वाधिक असतो आणि अंमल तीन ते पाच तास राहतो. याउलट पोहे, इडली किंवा मिसळीबरोबरचा पाव यांची साखर तास-दीड तासातच शिखर गाठते. बटण जेवून झाल्यावर दाबले की अन्न पुढे निघून जाते आणि इन्सुलिन मागून येते: डोस अगदी बरोबर असूनही शुगर आधी २८० पर्यंत चढते आणि अन्न पचून गेल्यावर ७० च्या खाली घसरते. हेच बोलस बहुतेकांनी जेवणाच्या साधारण १५ मिनिटे आधी घेतले, तर एकही युनिट न वाढवता चढ पुष्कळ उतरतो. जेवण सुरू केल्यापासून एक-दोन तासांनी शुगर १८० च्या आत असावी, हे प्रौढांसाठीचे सर्वसाधारण लक्ष्य त्यामुळे आवाक्यात येते.

याला अपवाद आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. जेवणाआधीच शुगर कमी असेल तर बोलस घेऊन जेवायचे थांबू नये. किती खाईल याचा भरवसा नसलेल्या लहान मुलाला थोडे बोलस आधी आणि उरलेले ताट पाहून देता येते. स्वयंचलित पंपात मात्र जेवणाला तास उलटून गेल्यावर सगळे कार्ब भरू नयेत. चढती शुगर पाहून पंपाने तोवर इन्सुलिन दिलेलेच असते आणि वर पूर्ण बोलस पडले की हायपो होतो, म्हणजे शुगर धोकादायक खाली जाते.

गोड टाळले की पुरे, या तिसऱ्या विधानाला चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी हे पुरेसे उत्तर आहे. तिच्यात साखर नावाला असते, पण १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, आणि वर बटाटा घातला की ते आणखी वाढतात. शिवाय तूप आणि दाण्याचे कूट यांमुळे पोट सावकाश रिकामे होते, त्यामुळे शुगर एकदा चढून थांबत नाही, तीन-चार तासांनीही रेंगाळत राहते. पुरणपोळीवर तुपाची धार घेतली तरी हेच होते. पंपाची खरी किंमत अशा वेळी कळते. बोलसचा एक भाग लगेच आणि उरलेला दोन-तीन तासांत हळूहळू देण्याची सोय बऱ्याच पंपांत आहे, आणि ती इन्सुलिनच्या पेनाने एकदाच टोचून साधत नाही. किती भाग आधी आणि किती नंतर, हे मात्र प्रत्येकाचे वेगळे असते. तोच पदार्थ तेवढाच खाऊन, आकडे लिहून ठेवून, आपल्या डॉक्टरांबरोबर ते ठरवावे. आणि यासाठी कार्ब मोजावेच लागतात. आमच्या ओट्यावरचा छोटा वजनकाटा त्यासाठीच आहे: कोरडा साबुदाणा आधी तोलायचा, मग शिजलेली सगळी खिचडी तोलायची, म्हणजे ताटात वाढलेल्या खिचडीत किती कार्ब आले ते काढता येते.

तासाभराने पुन्हा डोस घ्यावा, हे चौथे विधान. समजा दहा ग्रॅम कार्बला एक युनिट लागते आणि एका युनिटने शुगर ५० ने उतरते. साठ ग्रॅमच्या जेवणाला सहा युनिटे घेतली आणि तासाने सेन्सरवर २४० दिसले. १२० वर आणण्यासाठी आणखी २.४ युनिटे हवीत, असा हिशेब कोणीही करील. पण आधीच्या सहांपैकी निम्म्याहून अधिक इन्सुलिनचे काम अजून व्हायचे आहे. पंपातला बोलस कॅल्क्युलेटर हे शिल्लक इन्सुलिन वजा करतो. मनाने आकडा टाकणारा ते करत नाही आणि दोन डोस एकावर एक चढतात. त्यातच पिठलं-भाकरी खाऊन सिंहगड पायी उतरायला घेतला, तर चालण्याने शुगर आणखी वेगाने खाली येते. कॅल्क्युलेटरमधला अंमलाचा काळ दोन तास इतका कमी भरला असेल, तर पंपाचीही हीच चूक होते, म्हणून ते सेटिंग आवर्जून पाहावे.

राहिला पंप काढून ठेवण्याचा प्रश्न, आणि इथे जिवाला धोका आहे. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते. पेनावर असणाऱ्यांच्या शरीरात असतो तसा दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा साठा पंप वापरणाऱ्याच्या अंगात नसतो. पुरवठा तुटला की काही तासांतच कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्ले, वाढू लागतात आणि पुढे रक्त आम्लधर्मी होऊन जिवावर बेतणारा कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. अंघोळीला किंवा पोहायला तासाभरासाठी पंप काढणे वेगळे, आणि मंगल कार्यालयात सीमांतपूजनापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत तो पर्समध्ये ठेवणे वेगळे. पंप अंगावर असतानाही त्वचेखालची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, दुमडली तर हेच होते. म्हणून ही नळी असलेला इन्फ्युजन सेट दोन-तीन दिवसांनी बदलावा, आणि करेक्शन, म्हणजे चढलेली शुगर उतरवण्याचा डोस, देऊनही जेवणानंतरची शुगर उतरत नसेल तर पंपावर विसंबून आणखी बोलस देत बसू नये. कीटोन तपासावेत, डोस पेनाने टोचावा आणि सेट नवा लावावा. यासाठी पेन, सुया, कीटोनच्या पट्ट्या आणि एक जादा सेट कार्यालयात जातानाही सोबत असलाच पाहिजे.