टिळकांचं घर विसरलात का?

ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या वागण्यावर इथे आलेल्या लेखातला मुद्दा पटला. ख्रिस्ती माणूस वेदीवरून काय बोलतो त्यापेक्षा घरी कसा वागतो, हे मागून येणारे बघतात. पण सगळी उदाहरणं परदेशी पास्टरांचीच का? आपल्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आहेत की!

टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही लगेच मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षं नातलगांकडे काढली, आणि पुन्हा एकत्र राहायला आल्या तेव्हाही सोवळं-ओवळं चालूच. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात विटाळ पाळणारी बायको, विचार करा! टिळक तसे भयंकर तापट, पैशाच्या बाबतीत तर आनंदीआनंदच. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने.

पुढे दुष्काळातली पोरकी मुलं याच घरात वाढली आणि नगरच्या प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाई रोग्यांची सेवा करत होत्या. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य अर्धवटच होतं. ते पुढे नेलं तेही लक्ष्मीबाईंनीच. फारसं शिक्षण नसलेल्या बाईने!

टिळकांना संत करायचं नाही. त्यांच्या विक्षिप्तपणाचा ताप घरच्यांनी भरपूर सोसला, आणि लक्ष्मीबाईंनी तो हसतखेळत लिहूनही ठेवला. दोष दिसत असूनही बायको मागे आली, यावर लेखकाने पुढच्या भागात लिहावं. निर्दोष पुढाऱ्यांच्या गोष्टी आम्ही दर रविवारी ऐकतोच.